ऑईल बोल्टचे आटे गेल्यावर

प्रश्न : माझी १२५ सीसीची मोटरसायकल जुनी असली तरी इंजिन उत्तम आहे. मागच्या वेळी ऑईल बदलल्यापासून इंजिनाखालच्या ऑईल बोल्टपाशी गळती सुरू झाली. बोल्ट आवळायला गेलो, तर तो नुसताच फिरत राहिला. काढून पाहिला तेव्हा त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमचे वेटोळे अडकलेले होते. एक मेकॅनिक मोठ्या मापाचा बोल्ट बसवून देतो म्हणतो, दुसरा हेलिकॉइल टाका म्हणतो आणि तिसरा क्रँककेसच बदलायला सांगतो. कोणाचे ऐकावे?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : दुसऱ्या मेकॅनिकचे ऐकावे आणि हेलिकॉइल, म्हणजे भोकात नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, टाकावी. क्रँककेस, म्हणजे इंजिनाचे खालचे कवच, बदलायचे म्हणजे इंजिन खाली उतरवून पूर्ण खोलावे लागते. भोकाभोवतीच्या धातूला तडा गेला नसेल, तर १२ मिलिमीटरच्या एका भोकापायी एवढा खर्च करण्याचे काहीच कारण नाही.

मोठ्या मापाचा बोल्ट हा उपाय स्वस्त आणि झटपट असल्यामुळे गॅरेजांत सर्रास केला जातो, परंतु आमच्या मते तो टाळावा. हा बोल्ट स्वतःचे आटे स्वतःच कापत आत जातो. तो जरासा जरी तिरका गेला, तरी त्याचे डोके वॉशरवर सर्व बाजूंनी टेकत नाही, गळती तशीच राहते, आणि ती थांबवण्यासाठी आणखी आवळल्यास पातळ ओतकामाला तडा जाण्याची भीती असते. शिवाय पुढच्या दुरुस्तीसाठी जो धातू शिल्लक राहायला हवा, तोच हा बोल्ट खाऊन टाकतो. १२ मिलिमीटर व्यासाच्या आणि दीड पिचच्या (म्हणजे शेजारच्या दोन आट्यांत दीड मिलिमीटर अंतर असलेल्या) हेलिकॉइलसाठी पाडलेले आटे जवळजवळ १४ मिलिमीटर व्यासापर्यंत जातात. त्याआधी तेथे १३ मिलिमीटरचा बोल्ट घुसवलेला असेल, तर टॅपला, म्हणजे आटे पाडण्याच्या हत्याराला, धरायला पुरेसा धातूच उरत नाही.

हेलिकॉइल म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या तारेची गुंडाळी. या तारेचा छेद शंकरपाळ्यासारखा असतो, त्यामुळे तिच्या बाहेरच्या कडा ॲल्युमिनियममध्ये पाडलेल्या नव्या आट्यांत बसतात आणि आतल्या कडांपासून मूळ मापाचे आटे तयार होतात; म्हणजे आपला नेहमीचाच बोल्ट पुन्हा वापरता येतो. गुंडाळी मोकळी असताना भोकापेक्षा किंचित मोठी असते, म्हणून आत गेल्यावर ती बाहेरच्या बाजूला दाब देऊन घट्ट धरून राहते. मूळ आट्यांत सर्वाधिक भार पहिल्या दोन-तीन आट्यांवर येत असे; येथे तो अधिक समान वाटला जातो आणि दर वेळी ऑईल बदलताना झीज ॲल्युमिनियमची न होता स्टीलची होते. त्यामुळे नीट केलेली ही दुरुस्ती मूळ आट्यांपेक्षा टिकाऊ ठरते. विमानांच्या इंजिनांतील हलक्या धातूच्या भागांत अशा गुंडाळ्या दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून वापरल्या जात आहेत, तेव्हा तिला जुगाड समजू नये.

मात्र सारे काम नीट करण्यावरच अवलंबून आहे. प्रथम बोल्टचा पिच गेजने मोजून घ्यावा. १२ मिलिमीटरचे बोल्ट दीड आणि सव्वा अशा दोन्ही पिचचे मिळतात. ते डोळ्यांना सारखेच दिसतात, आणि दुकानातून आणलेला चुकीच्या पिचचा बोल्ट पान्याने रेटल्यामुळेच पुष्कळदा आटे जातात. या कामाला साधा टॅप चालत नाही, हेलिकॉइलच्या संचातलाच लागतो. गाडी उभी ठेवून काम खालून वर करावे, म्हणजे कीस आपोआप खाली पडतो. टॅपच्या खाचांत ग्रीस भरावे, कापताना रॉकेल वापरावे, अर्धा फेरा पुढे गेल्यावर पाव फेरा मागे यावे, आणि पहिल्या दोन फेऱ्यांत टॅप सरळ जातो आहे ना हे गुण्या (काटकोन पाहण्याची पट्टी) लावून दोन दिशांनी पाहावे. येथे घाई करणाऱ्याच्या हाती काम देऊ नये.

गुंडाळी पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा फेरा आत बसवावी. तिच्या आतल्या टोकाला बसवण्यापुरती एक आडवी जीभ असते. ती लांब चोचीच्या पक्कडीने मागेपुढे वाकवून तोडावी, आणि तुकडा प्रत्यक्ष हातात आल्याशिवाय बोल्ट लावू नये. ॲल्युमिनियमचा कीस चुंबकाला चिकटत नाही, म्हणून बोल्ट लावण्यापूर्वी वरून थोडे स्वस्त ऑईल ओतून खालून वाहू द्यावे.

आता मूळ कारणाकडे वळू. वॉशर एकदा दाबला गेला की पुन्हा तसा बसत नाही. काही रुपयांचा हा वॉशर न बदलता जुनाच लावला की ऑईल पाझरते, पाझरते म्हणून बोल्ट आणखी आवळला जातो, आणि अशा तीन-चार खेपांत आटे जातात. १२ मिलिमीटरच्या ऑईल बोल्टला बऱ्याच गाड्यांत २० ते ३० न्यूटन-मीटर एवढाच टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, सांगितलेला असतो. वीतभर लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण १२ किलोचा ओढा दिला, की तेवढा टॉर्क भरतो. पान्यात पाइप घालून आवळणाऱ्याला तेथेच थांबवावे. टेफ्लॉन टेप किंवा एम-सील लावून गळती रोखण्याचा सल्लाही मानू नये. टेपचे तुकडे ऑईलच्या जाळीत जाऊन बसतात.

प्रश्न : स्कूटरच्या स्पार्क प्लगचे आटे गेले आहेत. हेड (सिलिंडरवरचे झाकण) न काढता दुरुस्ती होईल का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : करणारे करतात, परंतु येथे कीस थेट सिलिंडरमध्ये पडतो आणि पिस्टनबरोबर घासून भिंतीवर चरे पाडतो. स्कूटरचे हेड लहान असते, त्यामुळे नव्या गॅस्केटचा आणि मजुरीचा खर्च सोसून ते काढावे आणि काम टेबलावर करून घ्यावे. प्लग उष्णतेत राहतो आणि वारंवार काढला जातो; तारेची गुंडाळी कधीकधी प्लगबरोबरच बाहेर येते, म्हणून आमची पसंती भरीव स्टीलच्या बुशला, म्हणजे आतून-बाहेरून आटे असलेल्या नळीला, आहे. बुशचे आतले टोक ज्वलनकक्षात डोकावता कामा नये, कारण ते लाल होऊन ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवू शकते. बुश बसवल्यावर प्लग प्रथम टेकेपर्यंत हातानेच फिरवावा; १० मिलिमीटरचा नवा, वॉशर असलेला प्लग त्यानंतर पान्याने अर्धा फेरा पुरतो, आणि जुनाच परत लावत असल्यास एका फेऱ्याचा बारावा भाग.