देणगीदार, अहवाल आणि हिशेब : वाचकांचे प्रश्न

आंतरराष्ट्रीय बालसंस्थांचा निधी, देणगीदारांशी त्यांचे संबंध आणि अहवाललेखन यांविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी एका आंतरराष्ट्रीय बालसंस्थेला दरमहा ठरावीक रक्कम देते. माझ्या मैत्रिणीला तिच्या संस्थेकडून एका मुलीचे पत्र आणि छायाचित्र येते. मला मात्र वर्षातून एकदा छापील अहवाल मिळतो आणि माझ्या पैशांचे काय झाले, ते त्यात कुठेच सापडत नाही. मी संस्था बदलावी का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : केवळ पत्र येत नाही म्हणून बदलू नये, असे माझे मत आहे. एका मुलाला एक दाता जोडून देण्याची पद्धत जुनी आहे. स्पेनमधील यादवी युद्धात होरपळलेल्या मुलांसाठी १९३७ मध्ये सुरू झालेल्या आणि आज प्लॅन इंटरनॅशनल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचा आरंभच या पद्धतीने झाला. अशा नात्यामुळे दात्याचा हप्ता सहसा चुकत नाही, हे तिचे बळ मान्य करायला हवे. परंतु गावातून पत्र लिहवून घेणे, त्याचे भाषांतर करणे, त्यातून मुलीचा ठावठिकाणा उघड होत नाही ना हे तपासणे, या सगळ्याला माणसे लागतात आणि त्यांचा पगार देणगीतूनच निघतो. शिवाय आता अशा बहुतेक संस्थांचा पैसा त्या एका मुलाच्या हाती न पडता त्याच्या गावातील शाळा, पाणी आणि आरोग्य यांवर खर्च होतो. मैत्रिणीच्या संस्थेचे माहितीपत्रक नीट वाचल्यास बारीक अक्षरांत तसे लिहिलेले बहुधा आढळेल.

दात्याला एका मुलाशी न जोडता सगळा पैसा एकत्र करून खर्च करण्याच्या दुसऱ्या पद्धतीचे मोठे उदाहरण युनिसेफ या संयुक्त राष्ट्रांच्या बालसंस्थेचे आहे. ११ डिसेंबर १९४६ रोजी स्थापन झालेल्या या संस्थेला सदस्य देश संयुक्त राष्ट्रांना जी सक्तीची वर्गणी देतात तिच्यातून काहीही मिळत नाही. सरकारे, कंपन्या आणि व्यक्ती स्वेच्छेने जे देतील त्यावरच तिचा कारभार चालतो. त्यातला काही निधी अटीविना येतो, तर बराचसा देश, विषय आणि मुदत ठरवून दिलेला असतो. पूर आला किंवा लढाई पेटली की पहिल्या काही दिवसांत उपयोगी पडतो तो अटीविना आलेला निधी, कारण तो वळवण्यासाठी कोणाचीही परवानगी मागावी लागत नाही. आपल्यासारख्या मासिक देणगीदारांचा पैसा अनेकदा याच भागात जातो, आणि म्हणूनच तो एखाद्या मुलापर्यंत नेऊन दाखवता येत नाही. संस्थेला पत्र लिहून अटीविना मिळालेला निधी गेल्या वर्षी कोणत्या देशांत आणि कोणत्या कामांवर किती खर्च झाला, एवढे विचारावे. याचे उत्तर न देणारी संस्था मात्र अवश्य बदलावी.

प्रश्न : आमची संस्था अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांत एका आंतरराष्ट्रीय बालसंस्थेच्या निधीतून कुपोषणावर काम करते. तीव्र कुपोषित बालकांची ऑक्टोबरातील संख्या फेब्रुवारीच्या मोजणीत बरीच खाली आली. परंतु दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत गेली आहेत. निधी देणाऱ्या संस्थेच्या अधिकाऱ्यांना हा आकडा ‘घट’ म्हणून देणगीदाराच्या अहवालात घालायचा आहे. आम्ही काय करावे?
– एक कार्यकर्ता, नंदुरबार जिल्हा

उत्तर : गप्प राहू नये, आणि तक्रारीच्या सुरातही लिहू नये. आधी आकडा मुलांच्या नावांनिशी उलगडून पाहावा. समजा, ऑक्टोबरात दोनशे बालके मोजली आणि त्यांपैकी चाळिसांचा दंडघेर, म्हणजे दंडाचा घेर, ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी, म्हणजे तीव्र कुपोषणाच्या पातळीचा भरला. फेब्रुवारीत गावात एकशेवीस बालके सापडली आणि त्यांत असा दंडघेर पंधरा जणांचा निघाला. चाळिसावरून पंधरा ही घट कोणालाही आवडेल अशीच आहे. पण यादी समोर ठेवली की दिसते, की त्या चाळिसांपैकी बावीस जण आईवडिलांबरोबर उसाच्या फडावर गेले आहेत. उरलेल्या अठरांपैकी आठ सुधारले, दहा होते तसेच आहेत, आणि पाच बालके नव्याने घसरून यादीत आली आहेत. म्हणजे आपल्याला खात्रीने सांगता येते ते इतकेच, की ज्यांच्यावर हिवाळाभर काम करता आले त्या अठरांपैकी आठ बालके सुधारली. बावीस बालकांचे काय झाले ते मोजलेले नाही, आणि त्यांची गणना सुधारलेल्यांत करता येणार नाही.

अशी चार ओळींची तालिका करून ती कार्यक्रम अधिकाऱ्यांना अहवालाच्या मुदतीआधी पाठवावी. फोनवर बोलावे, पण त्यापाठोपाठ ईमेल जरूर करावे. ते अधिकारी लबाडी करत आहेत, असे गृहीत धरण्याचे कारण नाही. अहवालाचा नमुना जिनिव्हात किंवा न्यूयॉर्कमध्ये ठरतो आणि त्यात आरंभीचा आकडा व अखेरचा आकडा असे दोनच रकाने असतात. स्थलांतराला तिसरा रकाना ठेवण्याचे तिथे कोणाला सुचलेले नसते. त्यांच्याही डोक्यावर देणगीदारांशी संबंध सांभाळणारा एक विभाग असतो, आणि माझ्या अनुभवात त्या विभागाला वाईट बातमीपेक्षा उशिरा आलेल्या बातमीचा धसका जास्त असतो. देणगीदार सरकारचे प्रतिनिधी पाहणीला येऊन निम्मी घरे कुलूपबंद पाहतात आणि अहवालात त्याचा उल्लेख नसतो, तेव्हा त्या एका आकड्याबरोबर बाकीच्या आकड्यांवरचा विश्वासही जातो.

ही माहिती कुठे लिहावी, हाही प्रश्न येईल. २०१६ मध्ये इस्तंबूल येथील जागतिक मानवतावादी शिखर परिषदेत मोठे देणगीदार आणि संस्था यांच्यात ‘ग्रँड बार्गेन’ नावाचा करार झाला. त्यातून आपत्तीकाळातील मदतीसाठी अहवालाचा एक सामाईक नमुना तयार झाला, आणि ‘बदल व दुरुस्त्या’ हा त्याचा स्वतंत्र भाग आहे. आपला प्रकल्प आपत्तीकाळातला नसला तरी असा एक परिच्छेद जोडण्यास सहसा कोणी हरकत घेत नाही. स्थलांतर त्यात मांडावे आणि पुढील वर्षासाठी उपायही त्यातच सुचवावा. सातपुड्यातील बरीच कुटुंबे होळीला गावी परततात. अखेरची मोजणी होळीच्या सुमारास घेतली तर बालके सापडतील. त्यासाठी प्रकल्पाची मुदत एक-दोन महिन्यांनी वाढवावी लागली, तर वाढीव पैसे न मागता केवळ मुदतवाढ मागता येते. मात्र ती विनंती मूळ मुदत संपण्यापूर्वी देणगीदाराकडे पोहोचली पाहिजे. मुदत उलटल्यावर शिल्लक रक्कम परत करण्याची वेळ येऊ शकते. जाणाऱ्या कुटुंबांची यादी दिवाळीपूर्वीच अंगणवाडीसेविकांकडून घेऊन पोषण ट्रॅकर या अंगणवाड्यांच्या सरकारी अ‍ॅपवर त्यांच्या स्थलांतराची नोंद होते आहे का, तेही पाहावे. नोंद झाली तर ज्या गावात फड आहे तिथल्या अंगणवाडीत त्या बालकांना आहार मिळण्याची वाट मोकळी होते, जी कोणत्याही अहवालापेक्षा महत्त्वाची आहे.

प्रश्न : अहवालासोबत ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी बालकांची छायाचित्रे मागितली जातात. ती द्यावीत का?
– एक वाचक, अमरावती

उत्तर : बालगृहातील, कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या किंवा अत्याचारपीडित बालकांची ओळख पटेल असे काहीही प्रसिद्ध करण्यास बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ ने मनाई केली आहे, लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत पोक्सो कायद्याचे कलम २३ लागू होते. त्यामुळे तेथे चर्चेला वावच नाही. इतर बालकांच्या बाबतीत पालकांची लेखी संमती त्यांना समजणाऱ्या बोलीत वाचून दाखवून घ्यावी, आणि छायाचित्र परदेशात छापले जाऊ शकते हे स्पष्ट सांगावे. अर्ध्या कपड्यांतील खंगलेल्या बालकाचे ‘आधी’चे छायाचित्र मी स्वतः संमती असूनही पाठवणार नाही. वजनाचा आलेख तेच सांगतो.

प्रश्न : आम्हाला संयुक्त राष्ट्रांच्या एका संस्थेकडून निधी मिळतो. खर्च पूर्ण झाला, काम झाले, तरी पुढचा हप्ता अडला आहे. सर्व पावत्यांच्या प्रती पाठवूनही उत्तर नाही. शिवाय आमच्याकडे परदेशी निधी घेण्यासाठी लागणारी एफसीआरए (परकीय योगदान कायद्याखालील) नोंदणी नाही, म्हणून मंडळाचे सदस्य धास्तावले आहेत.
– एका संस्थेच्या सचिव, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : दुसरी शंका आधी दूर करतो. परकीय योगदान कायदा, २०१० मध्ये ‘परकीय स्रोत’ या संज्ञेतून संयुक्त राष्ट्रे आणि त्यांच्या विशेष संस्था वगळल्या आहेत, आणि अशा वगळलेल्या संस्थांची यादी केंद्रीय गृह मंत्रालयाने दिलेली आहे. आपल्याला निधी देणाऱ्या संस्थेचे नाव त्या यादीत पाहून सनदी लेखापालांचा लेखी अभिप्राय घ्यावा, म्हणजे मंडळाची काळजी मिटेल. खासगी आंतरराष्ट्रीय संस्थांचा परदेशी निधी मात्र या कायद्याखाली येतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यातच स्वीकारावा लागतो, दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही आणि त्यातील २० टक्क्यांपेक्षा अधिक रक्कम प्रशासकीय खर्चाला वापरता येत नाही.

आता हप्त्याविषयी. युनिसेफसारख्या संस्था आगाऊ रक्कम देतात, ती सहसा तीन महिन्यांच्या कामापुरती असते, आणि तिचा हिशेब ‘फेस’ (FACE) नावाच्या, निधीची मागणी आणि खर्चाचा दाखला एकत्र असलेल्या फॉर्मवर द्यावा लागतो. त्यात मंजूर रक्कम, प्रत्यक्ष खर्च, कार्यालयाने मान्य केलेला खर्च आणि शिल्लक असे रकाने असून पुढील मागणीही त्याच फॉर्मवर करायची असते. पहिले दोन रकाने आपण भरता; तिसरा त्यांचे कार्यालय भरते, आणि तो भरेपर्यंत त्यांच्या दप्तरी आपण काहीच खर्च केलेला नसतो. सहा महिन्यांहून अधिक काळ हिशेबाविना राहिलेली आगाऊ रक्कम ही त्यांच्या लेखी धोक्याची खूण असते. तेव्हा पावत्यांचा गठ्ठा पाठवून काही साधत नाही. अधिकृत स्वाक्षरीचा फॉर्म पोहोचला का, स्वाक्षरी करणारी व्यक्ती करारात नोंदवलेलीच आहे का, आणि एखाद्या ओळीतील खर्च मंजूर रकमेपेक्षा वाढला आहे का, एवढे तीन मुद्दे विचारावेत. बहुतेक वेळा घोडे यांतल्याच एखाद्यावर अडलेले असते. मूळ पावत्या आपल्याकडेच ठेवायच्या असतात. तपासणीला येणारी व्यक्ती फॉर्ममधील एखादी ओळ निवडून तिच्या पावत्या मागते, त्यामुळे फाइल महिन्यांप्रमाणे न लावता फॉर्ममधील ओळींप्रमाणे लावावी, आणि प्रत्येक पावतीवर प्रकल्पाचे नाव व ओळीचा क्रमांक असलेला शिक्का मारावा.