तान्ह्या बाळाला घेऊन आफ्रिकेच्या जंगलात जावे का?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही जुळे सोलापूर भागात राहतो. आमची पहिली मुलगी आता मे महिन्याच्या मध्यावर सात महिन्यांची झाली आहे. माझ्या यजमानांना जंगलाचे वेड आहे आणि केनियातील मसाई मारा पाहण्यासाठी त्यांनी लग्नाआधीपासून पैसे साठवले आहेत. विल्डबीस्ट या गाईसारख्या हरणांचे कळप जुलैपासून तेथे नदी ओलांडतात, म्हणून त्यांनी जुलैच्या अखेरीस सहा दिवसांची सफारी ठरवली असून आगाऊ रक्कमही भरली आहे. सासूबाई म्हणतात, "एवढ्याशा लेकराला सिंहांच्या रानात कशाला न्यायचं?" यजमान म्हणतात, "तिथंही लेकरं जन्मतात आणि वाढतातच की." मला दोघांचेही म्हणणे पटते आणि रात्री झोप लागत नाही. बाळ अंगावर पिते, वरचे अन्न नुकते सुरू केले आहे, वजन सात किलो आहे. आम्ही जावे का?

उत्तर : या जुलैत बाळाला घेऊन मसाई माराला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या सासूबाईंचा निर्णय योग्य आहे, कारण मात्र मला वेगळे दिसते. गाडीत बसलेल्या माणसांना सिंहापासून फारसा धोका नसतो. आपल्या मुलीला खरा धोका आहे तो संध्याकाळी सहानंतर चावणाऱ्या डासाचा.

आपल्याकडे हिवतापाची भीती बरीच कमी झाली आहे. थंडी वाजून ताप आला, रक्त तपासले, गोळ्या घेतल्या, चार दिवसांत माणूस कामाला लागला, असे आपण घरोघरी पाहिलेले असते. आफ्रिकेत मात्र बहुतेक हिवताप फाल्सिपेरम या जातीच्या परजीवीमुळे होतो. तो रक्तातील तांबड्या पेशींचा झपाट्याने नाश करतो, मेंदूतील बारीक रक्तवाहिन्यांत अडथळा आणतो आणि उपचाराला उशीर झाला तर एक-दोन दिवसांतच जीव धोक्यात येऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगातील हिवतापाच्या मृत्यूंपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मृत्यू आफ्रिकेत होतात आणि तेथील सुमारे तीन चतुर्थांश मृत्यू पाच वर्षांखालील मुलांचे असतात. "तिथंही लेकरं वाढतातच की" या वाक्याला मी हेच उत्तर देईन, आणि ते देताना मला वाईट वाटते. तेथे हिवताप सर्वांत जास्त बळी घेतो तो याच वयाच्या मुलांचा. शिवाय तेथील आईच्या रक्तात वर्षानुवर्षे आजाराशी झुंजून तयार झालेली प्रतिपिंडे असतात व ती बाळाला पहिले काही महिने थोडेफार संरक्षण देतात. सोलापुरात वाढलेल्या आईकडून आपल्या मुलीला ते मिळालेले नाही.

प्रतिबंधक औषध देता येणार नाही का, असा प्रश्न आपल्या मनात येईल. देता येते. पाच किलोंहून अधिक वजनाच्या बाळाला मेफ्लोक्विन किंवा ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल ही औषधे बालरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली वजनानुसार देतात. मोठी माणसे सहज घेतात ते डॉक्सिसायक्लिन आठ वर्षांखालील मुलांसाठी वापरत नाहीत, आणि जुन्या पिढीच्या ओळखीचे क्लोरोक्विन आफ्रिकेतील फाल्सिपेरमवर चालत नाही. आपण स्वतः गोळी घेतली तरी अंगावरच्या दुधातून बाळाला पुरेसे औषध मिळत नाही. तिला वेगळेच द्यावे लागते. गोळीची कडू पूड दुधात किंवा पेजेत मिसळून सात किलोंच्या बाळाला पाजणे, तिने ती बाहेर टाकली तर मात्रा पुन्हा द्यायची की नाही याचा विचार तंबूत बसून करणे, आणि घरी परतल्यावरही औषधाप्रमाणे एक ते चार आठवडे हे चालू ठेवणे, हे सारे आपल्याला करावे लागेल. इतके करूनही कोणतेच औषध शंभर टक्के संरक्षण देत नाही. माराच्या परिसरात हिवताप वर्षभर असतो आणि एप्रिल-मेच्या मोठ्या पावसानंतरचे महिने तर डासांना विशेष मानवतात. आपला जुलै त्याच सुमारास येतो.

दुसरी अडचण पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीव्हरच्या लसीची आहे, आणि सहल विकणारी मंडळी तिच्याविषयी क्वचितच नीट सांगतात. केनियाहून भारतात परतणाऱ्या प्रवाशाकडे या लसीचे प्रमाणपत्र नसेल तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. या नियमातून सूट आहे ती फक्त सहा महिन्यांखालील बाळांना. लस मात्र साधारणपणे नऊ महिने पूर्ण झाल्याशिवाय देत नाहीत, कारण त्याआधी मेंदूला सूज येण्याचा धोका वाढतो. आपल्या मुलीला नऊ महिने १५ जुलैच्या सुमारास पूर्ण होतील आणि लस दिल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य धरले जाते, म्हणजे सारे काही २५ जुलैला येऊन टेकते. त्यातच नऊ महिने पूर्ण झाल्यावर द्यायची गोवर-रुबेलाची लस येते. ती आणि पीतज्वराची लस दोन्ही जिवंत विषाणूंच्या आहेत. त्या एकाच दिवशी द्याव्या लागतात, नाहीतर दोहोंमध्ये किमान चार आठवड्यांचे अंतर ठेवावे लागते. बाळाला अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल तर पीतज्वराची लस चालत नाही, आणि वरचे अन्न नुकते सुरू झालेल्या बाळाने अंडे बहुधा अजून चाखलेलेही नसते. आपल्यालाही लस घ्यावी लागेल. अंगावर पाजणाऱ्या आईने, विशेषतः बाळ नऊ महिन्यांचे होण्याआधी, ती डॉक्टरांशी बोलूनच घ्यावी. शिवाय ही लस केंद्र शासनाने नेमून दिलेल्या केंद्रांतच मिळते, त्यामुळे सोलापूरकरांना त्यासाठी बहुधा पुणे किंवा मुंबई गाठावी लागते.

आता प्रत्यक्ष सफारीविषयी. काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये मी माराला गेले होते. एका सकाळी झुडपाच्या सावलीत सिंहीण बसली होती आणि तिच्याभोवती वीसेक गाड्या उभ्या होत्या. आमच्या शेजारच्या गाडीत वर्षाच्या आतले एक बाळ होते. त्याच्या गालांवर तांबड्या धुळीचा थर बसला होता आणि डोळ्यांतून ओघळलेल्या पाण्याच्या दोन स्वच्छ रेघा त्यात उठून दिसत होत्या. आई एका हाताने त्याचे डोके छातीशी धरून दुसऱ्या हाताने लंगोट बदलण्याची धडपड करीत होती. गाडीबाहेर उतरण्यास मनाई असल्याने तिला दुसरा मार्गच नव्हता. ते पहाटे सहाला निघाले होते आणि तेव्हा साडेनऊ वाजले होते. त्या आईने सिंहिणीकडे एकदाही नीट पाहिले नाही. बालरोगतज्ज्ञ म्हणून मला धुळीपेक्षा जास्त काळजी वाटली ती हादऱ्यांची, कारण त्या गाडीत बाळाची खुर्ची नव्हती आणि खाचखळग्यांच्या वाटेवर आईचा हात हाच काय तो पट्टा होता. नैरोबीहून माराला रस्त्याने पाच-सहा तास लागतात. तेथे बाळ अत्यवस्थ झाले तर मोठे रुग्णालय नैरोबीलाच गाठावे लागते. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून काम करणारी आम्रेफ या आरोग्य संस्थेची उडत्या डॉक्टरांची सेवा १९५७ पासून अशा रुग्णांना विमानाने हलवते ही मोठी सोय आहे, पण विमान येईपर्यंतचे तास बाळाला आणि आईलाच काढावे लागतात.

आपल्या यजमानांची इच्छा मोडावी असे मी म्हणणार नाही; ती पुरी करण्याचे दोन मार्ग मला दिसतात. पहिला म्हणजे मुलगी पाच-सहा वर्षांची होईपर्यंत थांबणे. तोवर तिला सिंह पाहिल्याचे आठवणीत राहील, गोळी गिळता येईल, आणि ताप आला तर कोठे दुखते ते सांगता येईल. अनेक लॉज सहा वर्षांखालील मुलांना उघड्या गाडीत घेतच नाहीत, ही अडचणही तोवर उरणार नाही. आगाऊ भरलेली रक्कम पुढच्या तारखेला वळती होते का, हे आजच लेखी विचारावे. बाळासाठी लस वेळेत देता येत नाही असे डॉक्टरांचे पत्र सोबत जोडल्यास बोलणे सोपे जाते.

दुसरा मार्ग हिवताप नसलेल्या अभयारण्याचा. दक्षिण आफ्रिकेत पिलानेसबर्ग, माडिक्वे आणि पूर्व केप प्रांतातील ॲडो ही ठिकाणे हिवतापमुक्त आहेत. प्रसिद्ध क्रूगर उद्यान त्यांत येत नाही, हे लक्षात ठेवावे. पिलानेसबर्ग जोहान्सबर्गहून गाडीने अडीच तासांच्या आसपास आहे. आपल्या नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झाले, त्याच वर्षी पिलानेसबर्गमध्ये हजारो प्राणी बाहेरून आणून सोडण्याचे काम सुरू झाले आणि आज तेथे सिंह, हत्ती, गेंडे, बिबटे सारे आहेत. तेथे स्वतःच्या बंद मोटारीतून फिरता येते, म्हणजे बाळाची खुर्ची नीट बसवता येते, काचा लावता येतात आणि बाळ रडू लागले की कोणाची क्षमा न मागता मागे फिरता येते. माझ्या मते तान्ह्या बाळासह करायची सफारी हीच. जुलैत तेथे कोरडा हिवाळा असतो, गवत वाळून प्राणी पाणवठ्यावर सहज दिसतात. मात्र पहाटे तापमान पाच अंशांच्या आसपास उतरते, त्यामुळे सोलापूरच्या उन्हाळ्यात जन्म काढलेल्या आपल्याला बाळाच्या टोपी-मोज्यांचा अंदाज चुकू शकतो. एक खबरदारी आवर्जून घ्यावी : विमान नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे घेतल्यास पीतज्वराच्या प्रमाणपत्राचा प्रश्न पुन्हा उभा राहू शकतो, म्हणून आखाती देशांमार्गे जाणारे तिकीट काढावे. बाळाच्या पारपत्रासाठी व व्हिसासाठी दोन्ही पालकांची नावे असलेला जन्मदाखला लागेल. तो महापालिकेतून आधीच इंग्रजीसह काढून ठेवावा.

इतके वाचूनही आपण मारालाच जायचे ठरवले, तर निदान काही गोष्टी सोडू नयेत. संध्याकाळची फेरी पूर्णपणे टाळावी आणि सूर्यास्तापूर्वी बाळाला मच्छरदाणीत घ्यावे. मच्छरदाणी कीटकनाशकात भिजवलेली असावी आणि गादीखाली चारही बाजूंनी खोचावी. दोन महिन्यांवरील बाळाला डीट या डास पळवणाऱ्या रसायनाचे मलम चालते, पण ते हातांना लावू नये, कारण हात तोंडात जातात. निलगिरीच्या लिंबासारख्या वासाच्या जातीपासून काढलेले नैसर्गिक म्हणून विकले जाणारे तेल तीन वर्षांखालील मुलांना लावू नये. गडद निळी व काळी झबली घरीच ठेवावीत, कारण आफ्रिकेतील चावरी त्सेत्से माशी त्या रंगांकडे येते. अंगावरचे दूध मात्र चालू ठेवावे. परक्या पाण्याच्या प्रदेशात त्याहून सुरक्षित अन्न बाळाला मिळणार नाही.

आणि परतल्यावरचे सर्वांत महत्त्वाचे. हिवताप डास चावल्यापासून सात दिवसांनंतर कधीही, अगदी काही महिन्यांनीही, उफाळू शकतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सोलापुरातील प्रत्येक दवाखान्यात तापाची मुले असतात आणि डॉक्टरांच्या मनात प्रथम डेंग्यू किंवा साधा विषाणूजन्य ताप येतो. त्या गर्दीत "आम्ही आफ्रिकेला जाऊन आलो" हे वाक्य आपण स्वतःहून, पहिल्यांदा उच्चारले पाहिजे, आणि त्याच दिवशी हिवतापासाठी रक्त तपासून घेतले पाहिजे. तान्ह्या बाळात थंडी वाजणे दिसेलच असे नाही. दूध न ओढणे, उलटी, मलूल पडणे एवढीच लक्षणे असू शकतात.

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त नैरोबीला आहे. सून व चौदा महिन्यांचा नातू ऑक्टोबरमध्ये त्याच्याकडे महिनाभर जाणार आहेत. हिवतापाची लस पुण्यातच तयार होते असे वाचले. ती नातवाला देऊन पाठवावे का? — एक आजोबा, अक्कलकोट रस्ता, सोलापूर

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे. आर-२१ ही लस ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केली असून पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट ती बनवते. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शिफारस केली. पण ती शिफारस हिवतापाच्या प्रदेशात कायम राहणाऱ्या मुलांसाठी आहे. पाचव्या महिन्यापासून तीन मात्रा आणि पुढे चौथी, असा तिचा लांब क्रम असतो व संरक्षण अंशतःच मिळते, त्यामुळे महिनाभरासाठी जाणाऱ्या प्रवाशाला ती देत नाहीत. नैरोबी शहर सुमारे १,७०० मीटर उंचीवर असल्याने तेथे हिवतापाचा धोका कमी आहे आणि मच्छरदाणी वापरून नातवाने तेथे राहण्यास माझी हरकत नाही. सुट्टीच्या दिवशी मोंबासाचा समुद्रकिनारा किंवा मसाई मारा पाहण्याचा बेत मात्र सुनेने नातवासह करू नये. तो करायचाच असेल तर येथून निघण्यापूर्वीच बालरोगतज्ज्ञांकडून प्रतिबंधक औषध सुरू करून घ्यावे लागेल. पीतज्वराची लस नातवाला आता वयाप्रमाणे देता येते. ती निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी आणि दोघांची पिवळी प्रमाणपत्रे सामानात न टाकता सुनेच्या हातातील पर्समध्ये ठेवावीत, कारण परतताना विमानतळावर बाळ कडेवर असतानाच ती मागितली जातात.