नंबर लावायच्या आधी रेफरची वही बघा

४० छोट्या हॉस्पिटलांच्या नवजात वॉर्डांचा वर्षभराचा डेटा हाताशी आहे आणि लॉजिस्टिक रिग्रेशन (बाळ जगेल की जाईल ह्याची शक्यता काढणारं मॉडेल) लावून मृत्यूदरावरून त्यांचे नंबर काढायचेत, असं तुम्ही विचारलंय. मॉडेलचं नंतर बघू, आधी सांगा, रेफर केलेलं बाळ कोणाच्या खात्यात जातंय?

कारण छोटं हॉस्पिटल अत्यवस्थ बाळ मोठ्याकडे पाठवतं, ते तिथे पोचून दोन तासांत जातं, मृत्यू मोठ्याच्या नावावर आणि छोट्याचा दर एकदम चकाचक. 'स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेले' हीसुद्धा डिस्चार्ज म्हणूनच नोंद. मी अशा एका कामात होतो, तिथे पहिलं आलेलं हॉस्पिटल सगळ्यात जास्त रेफर करणारं निघालं, आणि आम्ही तीन आठवडे मॉडेलच घासत बसलो होतो! हे दुखणं जुनंच म्हणा. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्या १८६३ च्या पुस्तकात लंडनच्या २४ हॉस्पिटलांचा मृत्यूदर ९० टक्क्यांच्या वर दिसतो, कारण वर्षभरातले मृत्यू भागिले एका दिवशी भरती असलेले पेशंट असा हिशोब होता. छेदच वेगळा.

आता आकडे किती छोटे आहेत ते बघा. ६० भरत्यांत ६ मृत्यू म्हणजे १० टक्के, पण खरा दर ५ ते २० मध्ये कुठेही असू शकतो. ६०० मध्ये ६० असतील तर साधारण ८ ते १३. आणि ३० भरत्यांत एकही मृत्यू नाही म्हणून पेढे वाटू नका, मृत्यू शून्य असले की तीन भागिले भरत्या असा ढोबळ नियम आहे, तीन भागिले ३० केलं की खऱ्या दराची वरची मर्यादा १० टक्क्यांच्या आसपास येते. म्हणून प्रत्येक हॉस्पिटलला रँडम इंटरसेप्ट द्या, म्हणजे प्रत्येकाचा स्वतःचा दर, पण सगळे एकाच सरासरीभोवती धरलेले, त्याने छोट्यांचा अंदाज सरासरीकडे ओढला जातो आणि उगाच कोणी टोकाला जात नाही. ह्याचा तोटा असा की खरंच वाईट असलेलं छोटं हॉस्पिटलसुद्धा त्यात झाकलं जातं, तेव्हा जमलं तर दोन-तीन वर्षांचा डेटा एकत्र घ्या. आणि नंबर काढूच नका, फनेल प्लॉट काढा, म्हणजे आडव्या अक्षावर भरत्या, उभ्यावर मृत्यूदर आणि निव्वळ योगायोगाने किती फरक पडू शकतो त्याच्या मर्यादारेषा, आणि मर्यादेबाहेर कोण जातंय तेवढं बघा.

मॉडेलमध्ये काय घालायचं ह्यावर लोक सगळ्यात जास्त चुकतात. जन्मवजन, किती आठवड्यांचं बाळ, बाहेरून आलं की तिथेच जन्मलं, हे घाला, ह्यावर वॉर्डाचा हात नसतो. भरतीनंतर काय उपचार झाले ते घालू नका, तेच तर मोजायचंय ना. नर्स किती, ऑक्सिजन होता का, ह्याचं मात्र आधी ठरवावं लागतं. बाळाला काय मिळालं हा प्रश्न असेल तर हे घालायचं नाही, नाहीतर ऑक्सिजनच नसलेलं हॉस्पिटल 'अपेक्षेप्रमाणे' म्हणून सुटतं. आहे त्या साधनांत त्यांनी काय केलं हा प्रश्न असेल तर घाला. हे दोन वेगळे निकाल आहेत, एका तक्त्यात कोंबू नका. दुसऱ्या प्रश्नासाठी काही जण डेटा एन्व्हलपमेंट अॅनालिसिस (सगळ्यात चांगल्या दिसणाऱ्यांना मापदंड धरून बाकीच्यांची कार्यक्षमता काढायची पद्धत) वापरतात, मला ते अशा डेटावर पटत नाही, एका हॉस्पिटलने रजिस्टर चुकीचं भरलं की तेच 'आदर्श' ठरतं आणि बाकीचे त्याच्याशी मोजले जातात.

कोऱ्या रकान्यांचं पण बघा. जी बाळं आल्याआल्या जातात त्यांचं वजनच घेतलेलं नसतं, त्या ओळी तुम्ही गाळल्या की मृत्यूच गाळले, आणि ज्याच्या नोंदी सगळ्यात ढिसाळ तोच सुधारलेला दिसतो. मल्टिपल इम्प्युटेशन करा, म्हणजे कोऱ्या जागी बाकीच्या रकान्यांवरून अंदाजी आकडे अनेकदा भरून निकाल एकत्र करा, आणि त्यात बाळ जगलं की गेलं हा रकाना ठेवा, तो काढून केलं तर वजनाचा परिणाम बोथट होतो. वजनांचा हिस्टोग्रामही काढा, बरोब्बर अडीच किलोवर उंच खांब दिसला तर तिथे अंदाजाने वजन लिहिलं जातंय.

रेफरचा रकाना तुमच्या डेटात नसेल तर निदान पाच-सहा हॉस्पिटलांतून ती वही मागवा आणि पाठवलेली सगळी बाळं दगावली असं धरून एकदा, सगळी जगली असं धरून एकदा मॉडेल चालवा. दोन्ही वेळा जे मर्यादेबाहेर राहतील त्यांच्याकडे आधी जा.