नव्या बँडसॉ ब्लेडचे दात लगेच का झडतात?

तुम्ही विचारलंय की सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या वर्कशॉपसाठी जुनं हायड्रॉलिक बँडसॉ मशीन (फिरत्या दातेरी पट्टीनं धातू कापणारं) घेतलं, पण २७ मिमी रुंदीचं बायमेटल ब्लेड (लवचीक स्टीलच्या पट्टीला हायस्पीड स्टीलचे दात असलेलं) चढवलं की थोड्याच दिवसांत दात झडतात. ब्लेड डुप्लिकेट मिळतंय का, आणि सरळ कार्बाइडचं, म्हणजे त्याहून कडक दातांचं, घ्यावं का?

दुकानदाराशी भांडण्याआधी नवं ब्लेड चढवल्यावर पहिले कट कसे घेता ते बघा. सोलापुरात मी पाहिलेली बहुतेक ब्लेडं तिथंच खराब झालेली आहेत. कोऱ्या दाताचं टोक अतिशय धारदार, म्हणून तितकंच नाजूक असतं. त्यावर पहिल्याच कटला पूर्ण फीड (ब्लेड जॉबमध्ये खाली उतरण्याचा वेग) दिलं तर टोक झिजत नाही, त्याचा टवका उडतो. एकदा टवका उडाला की पुढच्या दातावर जास्त भार येतो, आणि मग ओळीनं दात जातात. आधी हळू चालवलं की टोकाला किंचित गोलाई येते आणि तोच दात पुढं भरपूर काम देतो. ब्लेड बसवणं म्हणतात ते हेच.

ब्लेडचा स्पीड त्या मटेरियलला जो लागतो तोच ठेवा. एमएसला (साधं स्टील) मिनिटाला साधारण ६० ते ७० मीटर, एसएस ३०४ ला (स्टेनलेस स्टील) त्याच्या निम्म्याच्या आसपास. फीडचा व्हॉल्व्ह मात्र नेहमीच्या निम्म्यावर आणा. साधारण ३०० ते ६०० चौरस सेंमी कापून होईपर्यंत तसंच चालवा. १०० मिमीच्या राउंड बारचा एक कट सुमारे ७८ चौरस सेंमीचा, म्हणजे असे चार ते आठ कट. त्यानंतर फीड थोडं थोडं वाढवत न्या, एकदम नाही. पण फीड इतकंही कमी करू नका की दात नुसता घासत राहील. खाली पडणारा कीस हातमोजा घालून उचलून बघा. सैल वेटोळं, चांदीसारखा रंग, जेमतेम कोमट असेल तर बरोबर चाललंय. पिठासारखा भुसा पडत असेल तर फीड वाढवा. निळा, जाड, करपलेला असेल तर दाब जास्त आहे. एसएसमध्ये नुसतं घासत राहणं फार वाईट, कारण कापायचा पृष्ठभागच कडक होऊन बसतो.

जॉब अर्धा कापलेला असताना ब्लेड तुटलं तर नवं ब्लेड त्याच कटात कधीही घालू नका. जुन्या ब्लेडचे दात बाजूंनी झिजलेले असतात, त्यामुळं त्यानं पाडलेली फट अरुंद असते. नवं ब्लेड त्यात अडकतं आणि दात गमावतं. बार फिरवून दुसऱ्या बाजूनं कट सुरू करा. लाइट गेल्यावरही तेच पथ्य: लाइट आली की आधी ब्लेड धरणारा आर्म वर घ्या, ब्लेड मोकळं फिरू द्या, मगच सावकाश खाली आणा. दात धातूत रुतलेले असताना मशीन चालू करणं म्हणजे दात मोडायलाच घेणं.

आता दातांतला कीस झाडणाऱ्या तारेच्या ब्रशकडं बघा. जुन्या मशीनवर तो हमखास झिजलेला असतो, नाहीतर काढूनच टाकलेला. त्याच्या तारा दातांच्या खाचेच्या तळापर्यंत पोचायला हव्यात. कीस खाचेत राहिला तर तो फिरून परत कटात येतो, आणि तुमचा कोरा दात धातूऐवजी त्या कडक किसावर आदळतो. ब्लेडच्या मानानं ब्रश अगदी स्वस्त आहे, आजच बदला.

कूलंट (कट थंड ठेवणारं तेल-पाण्याचं मिश्रण) बोअरच्या पाण्यात करत असाल तर ते थांबवा. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, त्यात सोल्युबल ऑइल (पाण्यात मिसळायचं तेल) नीट मिसळत नाही, दूध नासल्यासारखं वर तरंगतं. नळाचं साठवलेलं किंवा फिल्टरचं पाणी घ्या, पाण्यात तेल ओता, तेलात पाणी नाही, आणि प्रमाण साधारण ५ ते १० टक्के ठेवा. मे महिन्यात टाकीतलं पाणी उडून जातं, तेल मागं राहतं, म्हणून भर घालताना पातळ मिश्रण घाला.

दातांचा नंबर, म्हणजे इंचाला किती दात, हाही मोठा घोळ. कटात एका वेळी किमान तीन दात असायलाच हवेत. १०० मिमी भरीव बारला ३/४ (इंचाला तीन ते चार दात) किंवा ४/६ चालतं. त्याच ब्लेडनं ३ मिमी जाडीचा पाइप कापायला घेतला की दात पाइपच्या कडेत अडकून तुटतात. तिथं १०/१४ लावा. मागाच्या स्पेअरचं बारीक काम आणि जाड शाफ्ट दोन्ही करत असाल तर दोन ब्लेडं ठेवा.

आणि ऑफ सीझनला साखर कारखान्यांचे जुने शाफ्ट, पिना येत असतील तर आधी कानस घासून बघा. कानस धरली तर कापा. नुसती घसरली तर तो भाग हार्ड केलेला आहे किंवा वर वेल्डिंग भरलेलं आहे. तिथं बायमेटल ब्लेड घालू नका.

मशीनमध्ये ब्लेड सरळ धरणाऱ्या गाइडचे हात जॉबच्या जितके जवळ आणता येतील तितके आणा, गाइडचे कार्बाइडचे तुकडे झिजलेत का बघा, ब्लेडचं टेन्शन (ताण) अंदाजानं नाही तर गेजनं लावा, रात्री सैल सोडा. ब्लेडची पाठ चाकाच्या कॉलरवर (कडेच्या उंचवट्यावर) सतत घासत असेल तर चाकांचं अलाइनमेंट गेलंय. त्यानं दात नाही, ब्लेडच मागून चिरत जातं.

कार्बाइड सध्या नको. त्याला एकदम भक्कम, न थरथरणारं मशीन लागतं. ढिल्या गाइडच्या जुन्या मशीनवर ते बायमेटलच्याही आधी टवके उडवेल, आणि किंमत कितीतरी जास्त.