तीस अर्धवट ट्रॅक : एका वडिलांच्या पत्राला उत्तर

सप्रेम नमस्कार,

तुमची मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, लॅपटॉपवर स्वतःच्या चाली रचते, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत कानाला हेडफोन असतो आणि फोल्डरमध्ये तीसेक ट्रॅक अर्धवट पडून आहेत, असं तुम्ही लिहिलंत. पुढच्या वर्षी कॅम्पस मुलाखती आहेत. ‘आत्ताच बंद करायला सांगू, की याचा नोकरीत काही उपयोग होईल?’ असं विचारलंत.

बंद करायला सांगू नका. मात्र तुम्हाला रात्रीच्या दोनची काळजी आहे, मला त्या तीस अर्धवट ट्रॅकची जास्त वाटते. झोपेची वेळ थोड्या दिवसांत रुळावर आणता येते. हाती घेतलेलं मध्येच सोडायची सवय नोकरीतही मागे लागते. आणि या छंदाचा करिअरला जो काही फायदा व्हायचा, तो पूर्ण झालेल्या कामातूनच होतो.

‘संगीतामुळे बुद्धी तल्लख होते, गणित सुधारतं’ या जाहिरातीवर विसंबू नका. जियोव्हानी साला आणि फर्नांड गोबे या संशोधकांनी २०२० साली मुलांवरच्या अशा प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. काटेकोर पद्धतीने केलेल्या प्रयोगांत हा परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. उलट केव्हिन एशलमन आणि सहकाऱ्यांच्या २०१४च्या अभ्यासात नोकरदारांबाबत वेगळी गोष्ट पुढे आली : कामाबाहेर काही सर्जनशील करणाऱ्यांचा शीण चांगला उतरतो आणि त्यांची कामगिरीही बरी असते. अर्थात, हा फक्त संबंध आहे. मुळात उत्साही असलेली माणसं छंदही करतात आणि कामही, असंही असू शकतं. तेव्हा ‘छंद आहे म्हणजे करिअर आपोआप सुधारेल’ हे डोक्यातून काढा आणि छंदात नेमकं काय केलं जातं याकडे बघा.

ट्रॅक अर्धवट का राहतात? मिनिटाला ९० मात्रांची लय आणि चार मात्रांचा एक बार धरला, तर आठ बारचा तुकडा साधारण २१ सेकंदांचा होतो. नवीन माणूस तोच तुकडा लूपवर लावून ऐकत राहतो. कान सरावतो, कंटाळा येतो, मग वर आणखी एक वाद्य चढवलं जातं. ट्रॅक उंचीने वाढतो, लांबीने वाढत नाही. वीस थर झाले की सगळा गलका होतो आणि नवी फाइल उघडली जाते.

तिला एकच ट्रॅक निवडू द्या. मर्यादा तीन : ४८ बार, जास्तीत जास्त पाच वाद्यं, चार आठवडे. त्याच लयीत ४८ बार म्हणजे दोन मिनिटं आठ सेकंद, आठ-आठ बारचे सहा भाग. पहिल्या आठवड्यात एकही नवा आवाज शोधायचा नाही. सहा भागांत काय येणार, कुठे ठेका थांबणार, कुठे चाल परत येणार, एवढंच आखायचं आणि ओबडधोबड का होईना, शेवटपर्यंत न्यायचं. दुसऱ्या आठवड्यात रेकॉर्डिंग. आवाजाची पातळी दाखवणारा काटा जास्तीत जास्त उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान ठेवावा, कारण तो शून्याला भिडला की लहरीचा माथा कापला जातो आणि नंतर आवाज कमी करून तो परत येत नाही.

तिसरा आठवडा मिक्सिंगचा, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज एकमेकांशी जुळवून एकत्र करण्याचा, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त शिकवणारा. जे जरा मोठ्याने वाजतं ते कानाला ‘जास्त चांगलं’ वाटतं. म्हणून आधीचं आणि नंतरचं मिक्स ताडून बघताना दोन्हींचा आवाज सारखा करून घ्यायचा, मगच ठरवायचं. बऱ्याचदा तासभर केलेली ‘सुधारणा’ नुसती आवाजाची वाढ निघते. स्वतःच्या कामाकडे असं संशयाने बघायची सवय लागली, की उद्या ‘माझा कोड आता वेगाने चालतो’ म्हणण्याआधी दोन्ही चाचण्या एकाच यंत्रावर, एकाच डेटावर घेतल्या का, हा प्रश्न तिचा तिलाच पडेल. मिक्स फोनच्या छोट्या स्पीकरवरही ऐकायला सांगा. हेडफोनवर दणदणीत वाटणारा खर्ज तिथे गायब होतो. पाऊण तासाने कानाला विश्रांती हवीच. कान थकले की तार स्वर कमी वाटू लागतात आणि माणूस ते वाढवत सुटतो.

चौथ्या आठवड्यात तीन जणांना ऐकवायचं. ‘कसं वाटलं?’ विचारलं तर ‘छान’ एवढंच उत्तर येतं, त्याचा काही उपयोग नाही. ‘कितव्या सेकंदाला लक्ष उडालं?’ असं विचारावं. तिघांपैकी दोघांनी एकच जागा सांगितली तर ती दुरुस्त करायची, बाकीचं सोडून द्यायचं. मग फाइल बंद. पुढची हौस पुढच्या ट्रॅकमध्ये.

तिच्या विषयाशी तर याचा थेट सांधा आहे. सीडीच्या दर्जाच्या आवाजात सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे लहरीची क्षणाक्षणाची मोजमापं, असतात. सॉफ्टवेअरमधला बफर, म्हणजे वाजवण्याआधी नमुने साठवायची जागा, १०२४ नमुन्यांचा ठेवला तर सुमारे २३ मिलिसेकंदांचा उशीर होतो आणि कळ दाबल्यावर सूर मागे राहतो. १२८वर आणला तर उशीर तीनच्या आत येतो, पण प्रोसेसरला वेळेत काम उरकलं नाही की आवाजात करकर सुरू होते. ठरलेल्या वेळेतच काम उरकावं लागणाऱ्या, म्हणजे रिअल-टाइम, प्रणालीतला हा पेच तिने पुस्तकात वाचला असेल, इथे तो कानाला ऐकू येतो.

सप्तकातले स्वर ओळीने वाजवणारा एक छोटा प्रोग्राम लिहायला सांगा. ४४० हर्ट्झपासून सुरुवात, दर पायरीला सुमारे १.०५९५ने गुणायचं, बाराव्या पायरीला ८८० येतं. प्रत्येक स्वर अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे २२,०५० नमुने. पहिल्याच फटक्यात दोन स्वरांमध्ये ‘टक्’ असा आवाज येईल, कारण लहर शून्यावर नसतानाच तोडली जाते. स्वराच्या दोन्ही टोकांना आवाजाचा ५ ते १० मिलिसेकंदांचा चढ-उतार दिला की तो जातो. ही अडचण आणि तिचा उपाय मुलाखतीत सांगण्याजोगा आहे.

रेझ्युमेवर ‘छंद : संगीत’ लिहू नये. त्या ओळीवर कुणाची नजर अडत नाही. ‘दोन मिनिटांच्या तीन स्वतंत्र रचना, रेकॉर्डिंग ते अंतिम मिक्स स्वतः, स्वरनिर्मितीचा प्रोग्राम’ असं लिहावं आणि सोबत एका मिनिटाच्या नमुन्याची लिंक द्यावी. दुसऱ्याच्या गाण्याचा तुकडा वापरला असेल तर ती रचना ‘स्वतंत्र’ म्हणता येत नाही. फुकट मिळणाऱ्या साउंड पॅकच्याही (तयार आवाजांच्या संचाच्याही) परवान्याच्या अटी असतात, त्या वाचून घ्याव्यात. मुलाखतीत विषय निघाला तर दीड मिनिटाचं उत्तर पुरे : अडचण काय होती, कोणते दोन मार्ग होते, कोणता निवडला, काय फसलं. ‘संगीताने ताण हलका होतो’ हे खरं असलं तरी सगळेच म्हणतात. ‘मग या क्षेत्रातच का गेला नाहीत?’ हा प्रश्न हमखास येतो. त्यावर सरळ, न बिचकता उत्तर तयार ठेवावं.

वेळेचं म्हणाल तर आठवड्याला पाच तास खूप झाले : चार दिवस पाऊण-पाऊण तास, सुट्टीच्या दिवशी दोन तास. रात्री अकरानंतर मिक्सिंग नको, थकलेल्या कानाने घेतलेले निर्णय सकाळी बदलावेच लागतात. परीक्षेआधी तीन आठवडे नवा ट्रॅक सुरू करू नये, मन रमवण्यापुरतं वाजवावं. पैसे घेऊन दुसऱ्यांसाठी संगीत करून देण्याची कामं मुलाखती होईपर्यंत टाळलेली बरी. गिऱ्हाईकाची मुदत अभ्यासाचं वेळापत्रक बघत नाही.

आणि नोकरी लागली की नियुक्तिपत्रातली दोन कलमं सहीआधी वाचायला सांगा : बाहेरच्या कामाविषयीचं आणि नोकरीच्या काळात केलेल्या निर्मितीच्या मालकीविषयीचं. भाषा मोघम असेल तर ‘माझ्या वेळात, माझ्या साधनांवर केलेल्या संगीतरचना यात येत नाहीत ना?’ असं ईमेलने विचारून लेखी उत्तर घ्यावं. कंपनीच्या लॅपटॉपवर एकही ट्रॅक ठेवू नये.