सिंथेसायझरचे तयार प्रीसेट वापरल्याने संगीतातील सर्जनशीलता कमी होते का?

आपण विचारले आहे की, दुसऱ्याने घडवून वाद्यात साठवलेला आवाज, म्हणजेच प्रीसेट, वापरला तर रचनेला स्वतःची म्हणता येईल का. माझ्या मते निःसंशय म्हणता येईल. मात्र प्रीसेट जसाच्या तसा गाण्यात ठेवून पुढे जाण्याची सवय घातक आहे.

१९७० च्या मिनीमूग या सिंथेसायझरमध्ये आवाज साठवण्याची सोयच नव्हती, त्यामुळे प्रत्येक नॉबची (फिरवायच्या बटणाची) जागा कागदावर टिपून ठेवावी लागे. १९७८ च्या प्रॉफेट-५ मध्ये चाळीस आवाज साठवता येऊ लागले. पुढे १९८३ मध्ये आलेल्या यामाहा डीएक्स७ वर नवा आवाज घडवणे इतके किचकट होते की बहुतेकांनी त्यातले तयार आवाजच वापरले, आणि त्याचा इलेक्ट्रिक पियानो त्या दशकातल्या असंख्य गाण्यांत ऐकू येतो. कोर्ग एम१ (१९८८) चे उदाहरण मला अधिक बोलके वाटते: त्यातला ऑर्गनचा एक प्रीसेट हाऊस या नृत्यसंगीताच्या प्रकारातील संगीतकारांनी खालच्या सप्तकात नेऊन चक्क बेस म्हणून वाजवला. आवाज कारखान्यातलाच होता, पण त्याची ही जागा संगीतकारांनी शोधली.

खरी अडचण वेगळीच आहे. प्रीसेट एकटा ऐकताना भारदस्त वाटावा अशा बेताने तयार केलेला असतो, म्हणून त्यात रिव्हर्ब (घुमारा), डिले (प्रतिध्वनी) आणि रुंद स्टिरिओ आधीच भरलेले असतात, आणि गाण्यात तोच आवाज इतर वाद्यांची जागा खातो. मी पॅड (मागे लांबत राहणारा भरीव आवाज) निवडला की सर्वप्रथम त्याचा रिव्हर्ब बंद करतो, बेसशी टक्कर होऊ नये म्हणून हाय-पास फिल्टरने आवाजातला खालच्या पट्टीचा भाग गाळून काढतो आणि सुरावट जलद असेल तर अटॅक (आवाज चढायला लागणारा वेळ) व रिलीज (सूर सोडल्यावर तो विरायला लागणारा वेळ) कमी करतो, नाहीतर एक कॉर्ड दुसऱ्यावर सांडत राहतो. फिल्टरचा कटऑफ (तो जिथून आवाज गाळू लागतो ती मर्यादा) मॉड व्हीलला, म्हणजे कीबोर्डशेजारच्या चाकाला, जोडून वाजवताना हाताने हलवला, तर तोच पॅड ओळीगणिक बदलत जातो.

शिकण्यासाठीही प्रीसेटइतके चांगले साधन नाही. आवडलेला आवाज उघडून आधी इफेक्ट्स, मग एलएफओ (आवाज संथपणे हलवत ठेवणारा भाग), मग फिल्टर आणि शेवटी दुसरा ऑसिलेटर (मूळ ध्वनी निर्माण करणारा भाग) असे एकेक बंद करत जावे. ज्या क्षणी आवाजाचा जीव जातो, त्या क्षणी बंद केलेला भागच तो आवाज घडवत होता, हे कानाला कळते.