सोलापुरातल्या चादर-टॉवेल दुकानासाठी जँगोत (पायथॉनमधली वेब ॲप बनवायची चौकट) ॲप करतोय. प्रकारवार एकूण विक्री कशी काढायची, हे डॉक्युमेंटेशनमध्ये कुठं सापडेल? रेफरन्समध्ये शोधलं, पण मिळालं नाही.

आधी टॉपिक गाइडमधलं ‘ॲग्रिगेशन’चं (बेरीज, सरासरी असे एकत्रित हिशेब) पान वाचा, मग क्वेरीसेटच्या (डेटाबेसमधून नोंदी मागवायची जँगोची सोय) रेफरन्सकडे वळा. जँगोचं डॉक्युमेंटेशन चार भागांत आहे आणि पहिल्या पानावर तसं लिहिलेलंही आहे, पण ते पान कुणी वाचत नाही:

- ट्युटोरियल: हात धरून पहिलं ॲप करून घेतं
- टॉपिक गाइड: संकल्पना समजावतं
- हाऊ-टू: ठरावीक कामाची कृती देतं
- रेफरन्स: मेथडचं नाव माहीत असेल तर तपशील देतं

तुम्हाला अजून नावच माहीत नाही, म्हणून रेफरन्समध्ये भरकटताय. तुमच्या कामाला ‘व्हॅल्यूज’, ‘ॲनोटेट’ आणि ‘सम’ लागतील. ‘व्हॅल्यूज’ आधी लिहिलं तर प्रकारानुसार गट पडतात, ‘ॲनोटेट’ आधी लिहिलं तर प्रत्येक नोंदीची बेरीज वेगळी येते. ही खोच गाइडमध्ये उदाहरणासकट आहे. नाव कळलं की ‘जनरल इंडेक्स’मधून थेट त्या मेथडवर जाता येतं, साइटच्या सर्चपेक्षा मला तोच बरा वाटतो.

फक्त आवृत्ती जुळवून घ्या. पानाच्या पत्त्यात आवृत्तीचा आकडा असतो आणि गूगल बऱ्याचदा जुनंच पान पुढे करतं. मॉडेलच्या (डेटाबेसमधल्या तक्त्याची व्याख्या) मेटा या भागात नोंदींचा क्रम ठरवणारं ‘ऑर्डरिंग’ असेल तर पूर्वी एकाच प्रकाराचे अनेक गट पडायचे, ते जँगो ३.१ पासून बंद झालं. त्यामुळे जुनं पान वाचलंत तर नसलेल्या अडचणीवर उपाय शोधत बसाल.